उद्यमनगर, मिउरा आणि मूळ भाग: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

लॅम्बोर्गिनी मिउरा या जुन्या इटालियन स्पोर्ट्स कारच्या खरेदीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, “आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात सांगाल तो पार्ट पाडून देतात, आणि तुम्ही नंबर आणि कागद धरून बसलाय.” पुढे असंही म्हणालात की कमी चाललेली गाडी महाग जाते हे सगळ्या जगाला ठाऊक असताना जास्त चाललेली घ्यायचा सल्ला चुकीचा आहे, आणि किंमत शेवटी समोरचा देईल तीच. मुंबईत कार्नेवर (परदेशी गाडी कर न भरता तात्पुरती आणायच्या कागदावर) आलेली एक गाडी तुमच्या ओळखीच्यांना स्वस्तात मिळतेय, असाही उल्लेख केलात. उत्तर थोडं लांबेल. तुमच्या पहिल्या मुद्द्यात बरंच तथ्य आहे, आणि पैसेही नेमके तिथंच बुडतात.

उद्यमनगरात काय होतं ते आधी बघू. वॉटर पंपाचा शाफ्ट, सस्पेन्शनचे बुश, ब्रेक कॅलिपरला स्टेनलेसची स्लीव्ह, रेडिएटरचा नवा कोअर, व्हॉल्व्ह गाइड, लाइनर ही सगळी कामं इथं उत्तम होतात. कुणी परदेशातून मागवायला सांगितलं, तर मी उलट विचारेन की कशासाठी? क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) घासताना मात्र जपायला हवं. तो नायट्राइड केलेला, म्हणजे नायट्रोजननं वरून कडक केलेला असेल, तर घासल्यावर वरची कडक कातडी निघून जाते. पुन्हा नायट्राइडिंग न करता इंजिन जोडलं, तर जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग) लवकर झिजतात आणि बेअरिंग जातात. ॲल्युमिनियमच्या ओतकामातही तसंच. इथल्या फाउंड्रींचा हात बिडावर बसलेला आहे. ॲल्युमिनियमचा रस वायू शोषतो, आत बारीक पोकळ्या (ब्लो होल) राहतात आणि पाणी किंवा तेल झिरपायला लागतं. म्हणून पाण्याच्या वाटेवरचं कुठलंही नवं ओतीव झाकण गरम करून, हवेच्या दाबाखाली पाण्यात बुडवून तपासल्याशिवाय बसवू नका.

आता खरा अडचणीचा भाग. मिउराचा व्ही १२ इंजिनाचा ब्लॉक आणि गिअरबॉक्सचं घर हे एकच ओतीव आहे, आणि शेवटच्या काही एसव्ही (मिउराचा शेवटचा प्रकार) सोडल्या तर दोघांना तेलही एकच. गिअरचा दात झिजला की तो चुरा त्याच तेलातून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जातो. पाहणीच्या वेळी तेल काढून, गाळून, त्यात चुंबक फिरवून बघायचं ते यासाठी. करडी पेस्ट चालते, पण बोटाला टोचणारा कण मिळाला तर तिथंच थांबा. या ओतीवाला तडा असेल, तर दोन वाटा असतात. जाणकाराकडून वेल्डिंग करून मशीनिंग करायचं, किंवा दुसरा ब्लॉक बसवायचा. पहिल्यात नंबर ठोकलेला मूळ धातू गाडीत राहतो, दुसऱ्यात जातो. गाडी दोन्ही प्रकारांत चालेल, किंमत मात्र दोन्हींत एक राहणार नाही.

१९६६ ते १९७३ या काळात मिउरा जेमतेम साडेसातशेच्या वर निघाल्या, आणि त्यांतल्या एसव्ही फक्त १५०. एसव्हीला जास्त पैसे मिळतात म्हणून कित्येक साध्या, म्हणजे आधीच्या पी४०० आणि एस प्रकारच्या गाड्यांची नंतर एसव्ही केली गेली. मागचे मडगार्ड रुंद केले, दिव्यांभोवतीच्या पापण्यांसारख्या काळ्या पट्ट्या काढल्या, की लांबून फरक कळत नाही. मागच्या सस्पेन्शनचे आर्म आणि चासी नंबर मिळून खरं काय ते सांगतात. दसऱ्याला दसरा चौकात राजघराण्याची जुनी मेबॅक गाडी येते. लोक गर्दी करतात ते ती तीच गाडी आहे म्हणून. तशीच हुबेहूब दुसरी कुणी बनवून आणली, तर कारागिराचं कौतुक होईल, पण गर्दी होणार नाही. संग्राहक पैसे मोजतो ते याच ‘तीच’ असण्याचे.

नंबरांबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. ‘मॅचिंग नंबर’ म्हणजे चासी आणि इंजिनावरचे आकडे एकसारखे असणं नव्हे. मिउरात ते वेगवेगळेच असतात. त्या चासीत कारखान्यानं जे इंजिन बसवलं, तेच आजही आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे ताडून बघायला लॅम्बोर्गिनीचा जुन्या गाड्यांसाठीचा पोलो स्टोरिको विभाग २०१५ पासून आहे, फेरारीचा तसाच क्लासिके आहे. ठोकलेल्या आकड्यांचे जवळून, तिरक्या उजेडात फोटो काढा. आकड्यांच्या भोवती ग्राइंडरच्या रेषा किंवा आजूबाजूपेक्षा गुळगुळीत पृष्ठभाग दिसला, तर व्यवहार सोडून द्या.

म्हणून उद्यमनगरात पार्ट जरूर पाडा, पण काढलेला जुना पार्ट टाकू नका. तेल लावून, चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवा. चिठ्ठीवर तारीख, काढण्याचं कारण आणि कुठल्या बाजूचा ते लिहा. नव्या पार्टवर न दिसणाऱ्या जागी सालाचा ठसा मारा. जुना नंबर नव्या धातूवर ठोकायला कधीही सांगू नका, तो गुन्हा आहे.

किलोमीटरबद्दल तुम्ही म्हणता ते बाजारापुरतं खरं आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पेबल बीचच्या लिलावात एक मॅक्लॅरन एफ१ दोन कोटी डॉलरच्या वर गेली, आणि ती ४०० किलोमीटरसुद्धा चाललेली नव्हती. पण ते किलोमीटर कागदांनी सिद्ध होते. पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतो आणि उघडून फिरवताही येतो. इंग्लंडमधल्या गाडीची २००५ नंतरची एमओटी (तिथली वार्षिक वाहन तपासणी) नोंद ऑनलाइन पाहता येते, इटलीतल्या गाडीच्या मालकांची कालक्रमानुसार नोंद तिथल्या वाहन नोंदणीतून मिळते. या नोंदी आणि सर्व्हिसची बिलं यांतले आकडे चढत्या क्रमानं जुळले पाहिजेत.

उभ्या राहिलेल्या गाडीला तिचे स्वतःचे आजार असतात. ऑइल सील वाळतात, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, ब्रेक ऑइल पाणी ओढून कॅलिपर जाम करतं. टायरचे काटे नवे दिसतात, पण बाजूच्या चार आकड्यांतला आठवडा आणि साल दहा वर्षांपूर्वीचं निघतं. मिउरात सगळ्यात धोक्याचं म्हणजे पेट्रोल. चार वेबर कार्ब्युरेटर, प्रत्येकाला तीन नळ्या. फ्लोटची सुई गळली की पेट्रोल ओघळून गरम इंजिनावर येतं, आणि अशा आगीत कित्येक मिउरा जळाल्या आहेत. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून इथेनॉल जातं, त्याबद्दल तक्रार नाही, पण जुना रबर त्यानं फुगतो आणि चिरतो. पावसाळ्यात इथली दमट हवा टाकीत शिरली, की इथेनॉल पाणी धरतं आणि टाकी आतून गंजते. घेतल्या घेतल्या सगळे होस, गास्केट आणि फ्लोटच्या सुया इथेनॉलला टिकणाऱ्या बसवा. टाकी भरलेली ठेवा, हवेला जागा उरू देऊ नका. दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करण्यानं उलट तेलात पाणी साठतं.

इंजिनाची तब्येत मीटर सांगत नाही, लीक-डाउन चाचणी सांगते, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबानं हवा भरून किती गळते ते मोजणं. बाराही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, २० च्या पुढे गेली तर काम आलं. हवा कार्ब्युरेटरमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गास्केट. रंगाची जाडी मोजायला ॲल्युमिनियमवर चालणारं मीटर घ्या. पुढची-मागची झाकणं ॲल्युमिनियमची आहेत, नुसत्या चुंबकाच्या मीटरला तिथं काही कळत नाही. १,००० मायक्रॉनच्या वर आकडा गेला, तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे असं समजा.

“समोरचा देईल ती किंमत” याबद्दल एवढंच, की तो समोरचाही हिशेब करूनच येतो. जाहिरातीतले भाव बाजूला ठेवा. त्याच प्रकारच्या, शक्यतो गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तीन गाड्या काढा. लिलावाचा छापून आलेला आकडा बहुधा खरेदीदाराचं कमिशन धरून असतो. समजा सरासरी १०० आली आणि कमिशन १० टक्के होतं, तर खासगी व्यवहारात सुरुवात ९१ पासून. इंजिन मूळ नसेल, तर मी चौथा हिस्सा वजा करूनच बोलणी सुरू करीन, म्हणजे ६८. ब्रेक, होस, टायर, कार्ब्युरेटर यांचा अंदाज ६ मिळाला, तर ९ धरा, कारण उघडल्यावर काम दीडपट निघतंच. उरले ५९. मागणी ९० असेल, तर फरक कशाचा ते विक्रेत्याला कागदांनी दाखवू द्या.

कर या हिशेबात वेगळा. २०२५ च्या फेब्रुवारीत जुनी गाडी भारतात आयात करायची अट १९५० सालाऐवजी गाडीच्या ५० वर्षे वयावर आली, त्यामुळे सगळ्या मिउरा आता त्यात बसतात. पण सगळे कर मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतात. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात आणि गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. विम्यासाठी किंमत कंपनीशी बोलून ठरवावी लागते, तिथं वरचाच हिशेब लेखी मूल्यांकन म्हणून उपयोगी पडतो.

मुंबईतल्या त्या गाडीचं म्हणाल, तर कार्नेवर गाडी येते ती ठरावीक मुदतीत परत जाण्याच्या हमीवर, म्हणून तर तिला कर लागत नाही. ती इथं विकताच येत नाही. स्वस्त वाटते ती भरायचा राहिलेला कर धरला नाही म्हणून, आणि सीमाशुल्क खात्यानं उचलली, तर गाडी आणि पैसे दोन्ही जातील. तुमच्या ओळखीच्यांनी टोकन दिलं नसेल, तर आधी बिल ऑफ एंट्री (आयातीची सीमाशुल्क खात्याकडची नोंद) मागायला सांगा. ते नसेल, तर गाडी बघायलाही जाऊ नका.