टेबल खिडकीसमोर नको, बाजूला हवं

'हॉलमधलं कामाचं टेबल खिडकीकडे तोंड करून ठेवा' हा घरून काम करण्याची जागा मांडण्याबद्दलच्या एका लेखातला सल्ला आमच्या सांगलीच्या घरात, पश्चिमेच्या खिडकीपुढे आठवडाभर पाळून बघितला. दुपारी तीननंतर ऊन थेट डोळ्यांवर, स्क्रीनवरचं काही दिसेना. खिडकीकडे पाठ केली तर व्हिडिओ मीटिंगमध्ये माझा चेहरा काळाठिक्कर! शेवटी टेबल खिडकीला काटकोनात लावलं, उजेड डावीकडून. उजव्या हाताने लिहिताना सावलीही पडत नाही.

आणि त्या लेखात प्लगबद्दल एक ओळही नाही? आमच्याकडे इन्व्हर्टरची लाइन फक्त टीव्हीमागच्या प्लगला. टेबल पलीकडच्या भिंतीला, मधे जमिनीवरून एक्स्टेंशनची वायर. सासूबाई दोनदा अडखळल्या, तेव्हा कुठे ती पट्टीतून भिंतीकडेने नेली. पाहुणे आले की मात्र अजूनही लॅपटॉप उचलून बेडरूममध्ये पळते.