पाळकाने चर्चच सांभाळावे, असे म्हणणाऱ्यांना

आज दुपारी विनिपेगमधील आपल्या मराठी मंडळींच्या गटावर एका गृहस्थांनी लिहिले, की नॉर्थ एंडमधील मिशनच्या पाळकाने प्रांतिक निवडणुकीला उभे राहण्यापेक्षा आपले चर्च सांभाळावे. त्याखालची सहमती पाहून मला राहवले नाही.

आमच्या येथील पहिल्या हिवाळ्यात, उणे तीस तापमानात, भाड्याच्या घरातील हीटिंग बंद पडले. मुलगी नऊ महिन्यांची होती आणि घरमालक फोन उचलत नव्हता. तेव्हा याच मिशनचे आधीचे वृद्ध पाळक विजेचे दोन हीटर घेऊन आले, आणि मग स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून त्यांनी आमच्याकडून तक्रारअर्ज लिहून घेतला. हीटर आणणे हे धर्मकार्य आणि अर्ज लिहिणे हे राजकारण, अशी रेघ त्या टेबलावर कोठे ओढायची होती?

ज्या शहरात आपण हे बोलतो, तेथे मॅकडूगल मेथडिस्ट चर्चचे पाळक विल्यम आयव्हन्स यांना, ते युद्धविरोधी होते म्हणून, 1918 मध्ये ती मंडळी सोडावी लागली. त्यांनी कामगारांसाठी लेबर चर्च काढले. 1919 च्या सार्वत्रिक संपात, सुमारे 30,000 कामगार बाहेर पडले असताना, त्यांनी संपाचे वृत्तपत्र चालवले. 17 जूनच्या पहाटे त्यांना अटक झाली आणि पुढे एक वर्षाची शिक्षा झाली. त्यांच्यानंतर ते पत्र सांभाळणारे जे. एस. वुड्सवर्थ हेही पूर्वी नॉर्थ एंडमध्ये मिशन चालवणारे पाळकच. अन्यायी कायदे करणाऱ्यांना फटकारणारी यशयाची वचने छापली, हाही त्यांच्यावरील आरोपाचा भाग होता! बायबलमधील वचन छापणे ज्या सरकारला राजद्रोह वाटला, त्याच्यापुढे पाळकाने केवळ प्रार्थना करीत राहावे, असे आपले म्हणणे आहे काय? विनिपेगच्या मतदारांचे तसे नव्हते. 1920 मध्ये आयव्हन्स तुरुंगात असतानाच त्यांनी त्यांना मॅनिटोबाच्या विधानसभेवर निवडून दिले, आणि ते 1936 पर्यंत तेथे होते.

अल्बर्टा प्रांतात रेडिओवरून प्रवचने देणारे विल्यम एबरहार्ट 1935 मध्ये प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, झाले आणि दोनच वर्षांत वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा करू लागले, हे मला मान्य करावे लागते. धर्मपीठावरचा माणूस सत्तेत गेला की चांगलाच वागतो, असे मी म्हणत नाही.

परंतु मिशनच्या दारात जे येते, ते बहुतेक प्रांताच्या अखत्यारीतले असते: भाडेकरूंचे कायदे, इस्पितळे, शाळा, निराधारांना मिळणारी मदत. एकाच तक्रारीचे अर्ज वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या माणसाला, तो कायदा जेथे होतो तेथे जावेसे वाटले, तर त्यात धर्म कोठे बुडाला?

आमच्या अर्जाची प्रत मी आज बाहेर काढली. खाली त्या पाळकांच्या थरथरत्या अक्षरात आमच्या आमदारांचा दूरध्वनी क्रमांक आहे. निघताना ते म्हणाले होते, की आठवड्यात उत्तर आले नाही तर येथे विचारा, आणि मुलीला टोपी घाला. ती मुलगी यंदा प्रथमच मतदान करणार आहे. ते मात्र आता नाहीत.

त्यांच्या जागी आलेले पाळक आज उमेदवार आहेत. शनिवारी सकाळी दहा वाजता मी आणि मुलगी त्यांची पत्रके वाटायला जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी मला कळवावे.