पडून असलेल्या पीसीत लाखाचा राउटर? जरा हिशेब मांडू

केबलवाल्यांच्या आणि छोट्या इंटरनेटवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय. शब्द बदलतात, सार तेच: "लाखाचा राउटर घेऊ नका. राउटर आतून पीसीच असतो, ज्युनिपरसुद्धा फ्रीबीएसडीवरच चालतो. मायक्रोटिकची आयएसओ उतरवा, पडून असलेल्या पीसीवर टाका, लायसन्सचा क्रॅक मिळतो. एकदा बसवलं की बघायला नको." (मायक्रोटिक आणि ज्युनिपर या राउटर बनवणाऱ्या कंपन्या, फ्रीबीएसडी ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम, आणि आयएसओ म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल.)

हे सगळंच खोटं असतं तर इतकं फिरलंही नसतं. राउटरओएस, म्हणजे मायक्रोटिकची राउटर चालवणारी प्रणाली, पीसीवर चालते, चांगली चालते, आणि तशी चालवायला कंपनीची ना नाही. लॅटव्हियातल्या या कंपनीची सुरुवातच पीसीसाठीच्या सॉफ्टवेअरपासून झाली. स्वतःचे राउटरबोर्ड तिने 2002 पासून आणले. घोळ उरलेल्या वाक्यांत आहे.

"राउटर आतून पीसीच असतो." ज्युनिपरचं नाव घेणारे अर्धीच गोष्ट सांगतात. 1998 चा त्यांचा एम40 घ्या. त्यात इंटेल प्रोसेसरचा, हार्ड डिस्क असलेला, फ्रीबीएसडीवर बेतलेली जुनोस ही ज्युनिपरची प्रणाली चालवणारा एक भाग होता खरा. त्याचं नाव राउटिंग इंजिन. पण गिऱ्हाइकाचं पॅकेट त्या भागातून जातच नव्हतं. इंजिन शेजारच्या राउटरांशी बोलून रस्त्यांचा तक्ता तयार करायचं आणि खास चिपच्या हवाली करायचं. पॅकेटं त्या चिपवरून परस्पर पुढे जायची. पैसे त्या चिपचे होते.

जुनोस साध्या पीसीवर चढवायची युक्तीही जुनीच, तिला 'ऑलिव्ह' म्हणत. कंपनीने तिला कधीच अधिकृत पाठिंबा दिला नाही. त्यावर बीजीपी, ओएसपीएफ या राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायच्या पद्धतींचा हात बसवता यायचा, पण पॅकेटं ढकलायला तिथे फक्त फ्रीबीएसडीचा कर्नल (गाभा) असायचा आणि चिपवर होणारं काम मिळायचंच नाही. सिस्को या राउटर कंपनीच्या आयओएस प्रणालीसाठी 2005 साली क्रिस्तोफ फियो यांनी डायनॅमिप्स हा एम्युलेटर, म्हणजे पीसीवर राउटरची नक्कल करणारा प्रोग्राम, काढला, तेव्हा त्यांनी स्वतःच हिशेब देऊन ठेवला होता: आपला एम्युलेटर सेकंदाला हजारभर पॅकेटं नेतो, सिस्कोच्या खऱ्या 7200 राउटर मालिकेतलं सगळ्यांत जुनं इंजिन लाखभर. सरावासाठी उत्तम, राउटरच्या जागी नाही, असं करणाऱ्यानेच म्हटलंय. फॉरवर्ड करणारे तेवढंच गाळतात.

मायक्रोटिकच्या बाबतीत मात्र तुलना बरीचशी रास्त आहे. त्यांच्या बहुतेक छोट्या राउटरांत राउटिंग प्रोसेसरच करतो, पीसीतही तोच करणार. म्हणजे प्रश्न उरतो तो पीसी कुठला याचा.

"पडून असलेला पीसी चालेल." इथे गणित करावं लागतं. 1 गिगाबिटची लाइन सगळ्यांत लहान, म्हणजे 64 बाइटच्या फ्रेमनी (तारेवरून जाणाऱ्या पॅकेटांनी) भरली तर सेकंदाला सुमारे 14 लाख 88 हजार फ्रेम येतात. 10 गिगाबिटला याच्या दहापट, म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला 67 नॅनोसेकंद. 3 गिगाहर्ट्‌झच्या एका कोअरला तेवढ्यात 200 च्या आसपास ठोके (क्लॉक सायकल) मिळतात, आणि हवी ती माहिती कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या मेमरीत, नसेल तर रॅमच्या एका फेरीतच ते जवळपास संपतात. रोजची वाहतूक मोठ्या पॅकेटांची असते, म्हणून स्पीडटेस्ट झकास येते आणि स्क्रीनशॉट गटावर पडतो. कुणी लहान पॅकेटांचा मारा सुरू केला की तोच पीसी मान टाकतो.

त्याआधी कार्ड कुठे खोचलंय तेही बघा. जुन्या पीसीआय स्लॉटची बस सेकंदाला 133 मेगाबाइट, तीही सगळ्या कार्डांत मिळून. प्रत्येक पॅकेट बसवरून एकदा आत येणार, एकदा बाहेर जाणार. म्हणजे कागदावरसुद्धा 500 मेगाबिटच्या आसपास खेळ संपला. दुकानदार कार्डावर 'गिगाबिट' छापलेलं दाखवतो, ते खोटं नसतं, फक्त तुमच्या उपयोगाचं नसतं.

आणि ड्रायव्हर. लिनक्सवर कार्ड चाललं नाही तर माणूस ड्रायव्हर शोधून टाकतो. राउटरओएसमध्ये कर्नल लिनक्सचाच असला तरी दार बंद आहे: कंपनीने जे ड्रायव्हर घातलेत तेवढेच तुमचे. म्हणून जाणकार आधी इंटेलचं कार्ड घेतात आणि मदरबोर्डवरच्या पोर्टच्या नादी लागत नाहीत. सहावी आवृत्ती पीसीवर 32 बिटचीच होती, त्यामुळे 16 जीबी रॅम लावली तरी ती 2 जीबीच वापरायची. 64 बिटसाठी सातवी आवृत्ती यावी लागली.

"लायसन्सचा क्रॅक मिळतो." मला सगळ्यांत जास्त राग याच वाक्याचा येतो, कारण यात वाचतं काय? पीपीपीओईने, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन, जोडणाऱ्या 200 गिऱ्हाइकांपर्यंतचं चौथ्या पातळीचं लायसन्स 45 डॉलरचं, 500 पर्यंतचं पाचव्या पातळीचं 95 चं, सहाव्याला पीपीपीओईची मर्यादाच नाही, ते 250 चं. एकदाच भरायचे. महिन्याला शेकड्यांनी बिलं फाडणाऱ्या माणसाने चारेक हजारांसाठी आपल्या जाळ्याचं तोंड अनोळखी माणसाच्या आयएसओकडे द्यायचं! क्रॅकची प्रत सहसा जुन्या आवृत्तीवर अडकते, अपडेट केलं की लायसन्स जाईल या भीतीने कुणी हात लावत नाही. 2017 मध्ये राउटरओएसच्या वेब सर्व्हरमधलं भोक उघड झालं, ते 6.38.5 मध्ये बुजलं. 2018 च्या एप्रिलमध्ये विनबॉक्स या राउटर सांभाळायच्या साधनाच्या भोकावर तोडगा आला, तरी अपडेट न केलेले लाखांहून अधिक राउटर त्या वर्षी क्रिप्टो खाणकामाच्या स्क्रिप्ट वाटत बसले होते. अधिकृत प्रत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट: पीसीवरचं लायसन्स डिस्कला बांधलेलं असतं. डिस्क दुसऱ्याच साधनाने फॉरमॅट केलीत तर लायसन्सही जातं.

"बघायला नको." 70 वॅट खाणारा पीसी अखंड चालला तर वर्षाला 613 युनिट होतात, बिनपंख्याचा छोटा राउटर दहा-पंधरा वॅटमध्ये भागवतो आणि लायसन्स त्याच्या किमतीतच असतं. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर कुणाला जास्त वेळ पुरेल ते सांगायला नको. शिवाय बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग केलेली नसेल, तर रात्री दोनला बटण दाबायला माणूस पाठवा.

पीसीच हवा असेल, आणि पूर्ण बीजीपी तक्ता, म्हणजे सगळ्या इंटरनेटच्या रस्त्यांचा, घ्यायचा असेल तर तो हवासा वाटूही शकतो, तर बऱ्यापैकी सर्व्हर घ्या, इंटेलचं कार्ड लावा आणि व्हर्च्युअल मशिनमध्ये सीएचआर चालवा. ती याच कामासाठी बनवलेली राउटरओएसची 64 बिट आवृत्ती आहे, आणि विकत घेतलेलं लायसन्स दुसऱ्या सीएचआरवर हलवताही येतं. नुसतं शिकायचं असेल तर फुकटच्या लायसन्सवर दर पोर्टला 1 मेगाबिटची मर्यादा असते. सरावाला तेवढं भरपूर झालं. जुनोस शिकणाऱ्यांसाठी ज्युनिपरने 2023 पासून व्हीजुनोस, म्हणजे व्हर्च्युअल मशिनमध्ये चालणारं जुनोस, फुकट ठेवलंय, तेव्हा ऑलिव्हच्या मागे लागायचंही कारण राहिलेलं नाही.