डोंगल होस्टला खोचलं की विषय संपतो का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण कामाची आहे. बडोद्याच्या मकरपुऱ्यात बरीच वर्षं सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाने लिहिलंय हे वाक्यावाक्यातून कळतं. म्हणून खाली दोन ओळी न टाकता वेगळं उत्तर लिहितोय.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं यूएसबी डोंगल, म्हणजे जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती छोटी किल्ली, सर्व्हरला न लावता एका छोट्या वेगळ्या डब्यात लावावं, मग तो रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर असो की तयार डोंगल सर्व्हर, आणि तिथून ऑफिसच्या नेटवर्कवरून ते व्हर्च्युअल मशीनला (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेल्या कॉम्प्युटरला) द्यावं, असं मी सुचवलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. हा उगाच वाढवलेला पसारा आहे, डोंगल होस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरला, खोचून पासथ्रू दिलं, म्हणजे ते थेट त्या मशीनच्या हवाली केलं, की विषय संपतो. नेटवर्कवर डोंगल फिरवायचं म्हणजे एक लायसन्स दहा जणांत वाटून खायचं, आणि बडोद्यातल्या छोट्या कंपन्यांना मी ती वाट दाखवतोय. तिसरा, या सगळ्यात सुरक्षितता नावाला नाही.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपलं फारसं दुमत नाही. यूएसबीआयपी, म्हणजे यूएसबी उपकरण नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला द्यायची पद्धत, हे जपानच्या नारा इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीत ताकाहिरो हिरोफुची यांनी सुरू केलेलं काम. २००५ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला आणि २०१४ मध्ये ३.१७ या आवृत्तीपासून ते लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) मुख्य भागात दाखल झालं. पण त्याच्या मूळ रूपात ना पासवर्ड आहे ना एन्क्रिप्शन. ३२४० हा त्याचा नेटवर्क पोर्ट ज्याला दिसेल त्याला मोकळं असलेलं डोंगल ओढून घेता येतं. त्यामुळे पाहुण्यांच्या वायफायला आणि या डब्याला एकाच नेटवर्कवर ठेवणं मला मान्य नाही, राउटरवर हा पोर्ट बाहेर उघडणं तर मुळीच नाही. डब्याच्या फायरवॉलमध्ये ३२४० फक्त त्या एका व्हर्च्युअल मशीनच्या आयपीला उघडा, जमेल तिथे वेगळा व्हीलॅन (त्याच केबलवरचं वेगळं नेटवर्क) करा, आणि मध्ये दुसरी इमारत येत असेल तर वायरगार्ड किंवा एसएसएचच्या एन्क्रिप्टेड बोगद्यातूनच न्या. एवढं करायची तयारी नसेल तर डोंगल होस्टलाच राहू द्या, असं मीही म्हणेन.

आता पासथ्रू. खरा वाद इथे आहे.

तुमचा एकच सर्व्हर असेल, त्यावर प्रॉक्समॉक्स किंवा व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय असा हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर) असेल आणि मशीन कधी हलवायचंच नसेल, तर पासथ्रू उत्तम चालतं. पण बडोद्यातल्या कितीतरी ऑफिसांत विंडोज सर्व्हर घेतलेला असतो म्हणून मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही हा हायपरवायझर असतो, आणि हायपर-व्हीमध्ये साध्या यूएसबी उपकरणाला पासथ्रूची सोयच नाही. एन्हान्स्ड सेशनमधून, म्हणजे मशीनची स्क्रीन दाखवणाऱ्या खिडकीतून, डोंगल आत नेता येतं, पण ते त्या सेशनपुरतंच. खिडकी बंद केली की डोंगल गेलं. रात्रभर चालणाऱ्या स्ट्रेस अ‍ॅनालिसिसला त्याचा काय उपयोग?

प्रॉक्समॉक्समध्ये पासथ्रू सहज मिळतं, पण तिथेही एक गोष्ट अडते. मशीनला होस्टचं यूएसबी उपकरण जोडलेलं असलं की चालू मशीन दुसऱ्या नोडवर (सर्व्हरवर) जात नाही, स्थानिक उपकरण वापरात आहे असं सांगून स्थलांतर थांबतं. शिवाय एकाच सर्व्हरला दोन सॉफ्टवेअरची हॅस्प या एकाच प्रकारची दोन डोंगलं असतील तर यादीत दोन्ही ०५२९:०००१ अशीच दिसतात. ओळख क्रमांकावरून दिलं तर कोणतं कुठल्या मशीनला गेलं याचा भरवसा नाही, भौतिक पोर्टवरूनच द्यावं लागतं. मग सफाईच्या वेळी कुणी डोंगल काढून शेजारच्या भोकात लावलं की सकाळी ड्रॉइंग सेक्शन बसून राहतं.

ईएसएक्सआयचं उदाहरण तुम्हीच दिलंत, ते नीट बघा. तिथे पासथ्रू असलेलं मशीन व्हीमोशनने, म्हणजे चालू असतानाच, दुसऱ्या होस्टवर नेता येतं आणि डोंगल पहिल्या होस्टलाच राहून चालू राहतं. म्हणजे त्या वेळी यूएसबीचा संवाद नेटवर्कवरूनच चाललेला असतो. तुम्ही ज्याला पसारा म्हणता ते व्हीएमवेअर स्वतः करतं. पण ते मशीन दुसऱ्या होस्टवर असताना पॉवर ऑफ करून परत चालू केलं तर डोंगल पुन्हा जोडलं जात नाही, मशीन मूळ होस्टवर परत न्यावं लागतं. आणि मूळ होस्टच मेला तर एचए ही बंद पडलेल्या होस्टची मशीनं सांभाळणारी सोय मशीनला दुसरीकडे उठवून देते, डोंगल मात्र मेलेल्या सर्व्हरच्या पाठीला लटकत राहतं.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं ते तुम्हीही पाहिलंय. अकोट्याच्या बाजूला माझं काम असलेलं एक प्रेशर व्हेसलचं डिझाइन ऑफिस आहे. त्यांचा एक सर्व्हर तळमजल्यावर आणि दुसरा वरच्या मजल्यावर. पाणी वाढतंय असं दिसताच घरूनच सगळी व्हर्च्युअल मशीनं वरच्या सर्व्हरवर हलवली आणि खालचा बंद केला. फाइल्स वाचल्या, अकाउंट्स चाललं, मेल चालला. डिझाइनचं सॉफ्टवेअर मात्र उघडेना, कारण डोंगल खालच्या सर्व्हरला होतं, त्याच्या मागच्या बाजूला, वायरींच्या गुंत्यात, निळी टेप गुंडाळलेलं. ते काढून वर न्यायला माणूस हवा होता आणि रस्त्यावर पाणी होतं. रस्ता मोकळा होऊन कुणीतरी पोचेपर्यंत महागातलं सॉफ्टवेअर बंद. आज त्यांचं डोंगल वरच्या मजल्यावर कुलूप असलेल्या कपाटातल्या डब्यात आहे आणि मशीन कुठल्याही सर्व्हरवर गेलं तरी त्याच आयपीवरून ते मागून घेतं. सर्व्हर कुठे ठेवायचा हे एसी, वीज आणि जागा बघून ठरतं, डोंगल कुठे ठेवायचं हे चोरी, पाणी आणि धक्का बघून ठरायला हवं. दोन्ही गोष्टी एकाच यूएसबी पोर्टला बांधून टाकायचं कारण नाही. मला मूळ लेखात सांगायचं होतं ते एवढंच.

तुमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. पॅरलल पोर्टच्या काळात कॉम्प्युटरमागे पंचवीस पिनांची डोंगलं एकामागे एक लावलेली असायची आणि शेवटी प्रिंटरची केबल. कॉम्प्युटर हलवायचा म्हणजे ती अख्खी माळ हलवायची. तेव्हा इलाज नव्हता.

आता वाटून खाण्याचा आरोप. तो गंभीर आहे, म्हणून नीट उत्तर देतो. यूएसबीआयपीसारख्या पद्धतीत एका वेळी डोंगल एकाच मशीनला मिळतं. दुसऱ्याने मागितलं तर वापरात आहे असं उत्तर येतं. डब्याच्या दृष्टीने केबल लांब झाली, एवढाच फरक. पण तांत्रिकदृष्ट्या एकालाच मिळतं म्हणून करारातही ते चालतं असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. काही कंपन्या व्हर्च्युअल मशीनवर चालवायलाच मनाई करतात, काही सॉफ्टवेअर रिमोट डेस्कटॉपमधून उघडलं की साध्या डोंगलवर चालायलाच नकार देतात. तो नकार मुद्दाम ठेवलेला असतो. तो चुकवण्याची युक्ती माझ्याकडे मागू नका. विक्रेत्याला मेल करा, आमचं मशीन व्हर्च्युअल आहे आणि डोंगल नेटवर्कवरून देणार आहोत, चालेल का, असं सरळ विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

किंबहुना बरेचदा यूएसबी पुढे नेण्याची गरजच नसते. डोंगल नेटवर्क प्रकारचं असेल तर त्याचा लायसन्स मॅनेजर (लायसन्स वाटणारा प्रोग्राम) डोंगल जिथे लावलंय तिथेच बसवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून लायसन्स मागायचं. सेंटिनेल प्रकारच्या डोंगलचं हे काम १९४७ पोर्टवर चालतं, जुन्या नेटहॅस्पचं ४७५ वर, जर्मनीच्या विबू-सिस्टम्सच्या कोडमीटरचं २२३५० वर. यात किती जणांना द्यायचं हे डोंगलच्या आतच लिहिलेलं असतं, त्यामुळे वाटून खाण्याचा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते पहिला प्रयत्न नेहमी हाच असावा. नूतनीकरणाच्या वेळी साधं डोंगल बदलून नेटवर्क डोंगल मिळेल का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

तुमच्या प्रतिक्रियेखाली एकाने लिहिलंय की एवढं करण्यापेक्षा एम्युलेटर टाका. इथे मी ठाम आहे. डोंगलच्या आतला मजकूर काढून खोट्या ड्रायव्हरमधून विंडोजला दाखवायचा, हे त्याचं स्वरूप. त्यासाठी बरेचदा विंडोजची ड्रायव्हरची सही तपासण्याची व्यवस्था बंद करावी लागते. म्हणजे ज्या मशीनवर कंपनीची सगळी ड्रॉइंग्ज आहेत, तिथे कुठल्या अनोळखी माणसाने लिहिलेला ड्रायव्हर कर्नलमध्ये घ्यायचा. आणि कायदाही आहे. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. हा सल्ला इथे कुणी पुन्हा देऊ नये.

आणखी एकाने विचारलंय की सीए ऑफिसातली डिजिटल सहीची टोकनं याच डब्यात लावून सगळ्यांना द्यावीत का. नको. दिसायला सारखी असली तरी ती गोष्टच वेगळी आहे. डोंगल हे कंपनीने विकत घेतलेल्या वापराच्या हक्काचं असतं, टोकनमध्ये एका व्यक्तीची सही असते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे खासगी की (सहीची गुप्त किल्ली) आपल्या ताब्यात राहील याची काळजी ज्याची सही त्यानेच घ्यायची आहे. पिन कागदावर लिहून टोकन नेटवर्कवर टाकलं तर ताबा कुणाचा राहिला? जीएसटीचं रिटर्न घाईचं आहे हे मलाही कळतं, तरीही नको.

नेटवर्कवरून डोंगल संथ चालेल, असं वेगाबद्दलही एक वाक्य तुम्ही लिहिलंय, ते अर्धं बरोबर आहे. डोंगलकडून येणारा डेटा अगदी थोडा असतो, त्यामुळे नेटची रुंदी महत्त्वाची नाही, फेऱ्या महत्त्वाच्या. समजा सॉफ्टवेअर उघडताना डोंगलला तीनशे प्रश्न विचारतं आणि प्रत्येकाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा विचारत नाही. ऑफिसच्या केबलवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला तर सगळं मिळून ०.१५ सेकंद, कळतही नाही. तेच घरच्या ब्रॉडबँडवरून ४० मिलिसेकंदांनी गेलं तर १२ सेकंद, आणि मध्ये लाइन हलली की काम चालू असताना लायसन्स सापडत नाही असा संदेश. म्हणून वारशियाला किंवा वाघोडिया रोडला घरी बसलेल्या इंजिनियरपर्यंत डोंगल नेऊ नका. डोंगल आणि मशीन ऑफिसात शेजारी राहू द्या, घरी फक्त स्क्रीन न्या, अर्थात लायसन्स रिमोट डेस्कटॉपला परवानगी देत असेल तर. डब्यालाही वायफाय नको, केबलच हवी.

डब्याविषयीच्या शंकांना झटपट उत्तरं. जुना रास्पबेरी पाय ३ टाळा, त्यात इथरनेट आणि यूएसबी एकाच बसवर (डेटाच्या वाटेवर) आहेत, ४ मध्ये तसं नाही. जुनी डोंगलं निळ्या यूएसबी ३ पोर्टवर कधी कधी कुरकुर करतात, काळ्या पोर्टवर लावा. यूएसबीआयपीचं बाइंड, म्हणजे डोंगल नेटवर्कवर द्यायला मोकळं करणं, रिस्टार्टनंतर टिकत नाही आणि जोडणी तुटली तर ती आपोआप परत लागत नाही, दोन्ही बाजूंना त्यासाठी सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) लिहावी लागते. हे स्वतः करायचं नसेल तर व्हर्च्युअलहिअर हे सॉफ्टवेअर किंवा एसईएच कंपनीचा तयार डोंगल सर्व्हर बघा, पैसे जातात पण ही डोकेदुखी जाते. पॉवर यूपीएसवरूनच द्या, अचानक वीज गेल्याने मेमरी कार्ड खराब होतं. आणि विमा काढताना डोंगलची किंमत लायसन्सच्या किमतीएवढी लिहा. हरवलं तर बऱ्याच कंपन्या नवीन लायसन्स घ्या असंच सांगतात.

आता तुमच्या ऑफिसबद्दल. तुम्ही लिहिलंय की एक होस्ट आहे, दुसरा दिवाळीनंतर येतोय. डोंगल ज्या मशीनला लावलंय तिथे ब्राउझर उघडून लोकलहोस्टच्या १९४७ पोर्टवर जा, सेंटिनेलचं पान उघडलं तर किज् च्या यादीत तुमच्या डोंगलपुढे काय प्रकार लिहिलाय ते बघा. त्यात ‘नेट’ असं लिहिलेलं असेल तर यूएसबी पुढे नेण्याच्या भानगडीत पडूच नका, लायसन्स मॅनेजर वेगळ्या छोट्या मशीनवर हलवा. नसेल तर हायपरवायझर कोणता, सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून चालतं की लॉगिन करून, आणि विक्रेत्याचं उत्तर काय आलं, हे तिन्ही इथेच लिहा. दुसरा होस्ट येण्याआधी मांडणी ठरवून टाकू.