ॲड्रिनल ग्रंथींवर थकव्याचा खोटा आळ

व्हॉट्सॲपवर आणि रीलमधून ‘ॲड्रिनल फटीग’चा एक दावा सारखा फिरतोय. ताणामुळे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी दमतात, कॉर्टिसॉल हे संप्रेरक पुरेसं बनत नाही, म्हणून सकाळी उठवत नाही आणि खारट खावंसं वाटतं. रक्त तपासून हे कळत नाही. उपाय काय, तर अश्वगंधा, मीठ घातलेला संत्र्याचा रस आणि ‘ॲड्रिनल सपोर्ट’च्या गोळ्या.

थकवा खरा आहे. कारण मात्र खोटं आहे.

‘ग्रंथी दमतात.’ मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक सोडते, त्यानुसार ॲड्रिनल कॉर्टिसॉल बनवते. एसीटीएच दीर्घकाळ जास्त राहिलं तर ॲड्रिनल आकाराने वाढते. पिट्युटरीतल्या गाठीमुळे होणाऱ्या कुशिंग रोगात तर कॉर्टिसॉल वर्षानुवर्षं जास्तच बनत राहतं. ‘ॲड्रिनल फटीग’ हे नाव १९९८ साली जेम्स विल्सन या अमेरिकी कायरोप्रॅक्टरने (मणका हाताने दाबून-वळवून उपचार करणाऱ्याने) काढलं. २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी ५८ अभ्यास चाळले. असा आजार असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

‘तपासणीत दिसत नाही.’ ॲड्रिनल खरोखर निकामी होते तेव्हा दिसतं. थॉमस ॲडिसन या ब्रिटिश डॉक्टरांनी १८५५ मध्येच तो आजार नोंदवून ठेवलाय. सकाळचं कॉर्टिसॉल मोजतात, गरज पडली तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन पुन्हा मोजतात. या आजारात वजन घटतं, उभं राहताना चक्कर येते, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडतात, आणि हो, खारटही खावंसं वाटतं. भारतात क्षयरोग हे त्याचं एक जुनं कारण. अशा माणसाला रस-मिठावर ठेवलं तर जीव जाऊ शकतो. आणि रक्तदाब जास्त असलेल्याने हे जादा मीठ कशाला प्यायचं?

‘अश्वगंधा घ्या.’ अश्वगंधेची जाहिरात ‘कॉर्टिसॉल कमी करते’ अशी होते. मग ज्याचं कॉर्टिसॉल आधीच संपलंय असं तुम्ही म्हणता, त्याला ती कशासाठी? दोन्ही वाक्यं एकाच रीलमध्ये ऐकायला मिळतात.

‘गोळ्या नैसर्गिक आहेत.’ अमेरिकेत अशी १२ उत्पादनं तपासली, तो अहवाल २०१८ मध्ये आला. बाराही उत्पादनांत थायरॉइडचं संप्रेरक सापडलं, काहींत स्टिरॉइडही.

‘डॉक्टर ऐकतच नाहीत.’ ही तक्रार मात्र मला मान्य आहे. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ म्हणून वाटेला लावलेला माणूस रीलकडे वळणारच. क्रॉनिक फटीग सिंड्रोम या दीर्घकाळ थकवा राहणाऱ्या आजाराच्या रुग्णांना तर कित्येक वर्षं ‘व्यायाम वाढवत न्या’ असंच सांगितलं जायचं. उपचारांचं मार्गदर्शन ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने तो ठरावीक टप्प्यांनी वाढवायचा व्यायाम २०२१ मध्ये मार्गदर्शनातून काढला. पण डॉक्टरने ऐकलं नाही म्हणून रीलवाला खरा ठरत नाही. थकव्याची नेहमीची कारणं आधी तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी असू शकतं, तेव्हा तीही तपासणी मागा. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि साखर बघा. झोप नीट होते का, रात्री घोरता का, हे घरच्यांना विचारा. मन उदास असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

शिवाय सांधेदुखीवर कुणाकडून पुड्या घेत असाल तर त्या डॉक्टरांना दाखवा. अशा पुड्यांत कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं; ते महिनोन्‌महिने पोटात गेलं की ॲड्रिनलचं काम खरोखर मंदावतं. म्हणून त्या मनानेच एकदम बंद करू नका.