परदेशातून : शब्दार्थांचा कागद

मार्च २०२४ मध्ये ‘ड्यून’ या विज्ञानकादंबरीवरच्या इंग्रजी चित्रपटाचा दुसरा भाग मी मॉन्ट्रियलमध्ये पाहिला आणि त्याच आठवड्यात माझ्या एका शाळासोबत्याने तो बेळगावात, हिंदी डबिंगमध्ये, पाहिला. रात्री त्याचा संदेश आला : “अरे, पुस्तकात त्या दुष्ट बॅरनला नायकाची चार वर्षांची बहीण मारते. इथं ती जन्मालाच येत नाही! मग एवढा वेळ दाखवलं काय?” त्यानंतर टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत पसरलेल्या आमच्या वाचकमंडळीत जो वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की मूळ कादंबरीतले काहीही गाळणे ही लेखकाशी प्रतारणा आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की हा वादच आपल्यासाठी निरर्थक आहे, कारण मराठीत अशा चित्रपटाला लागणारा पैसा नाही आणि उद्या पैसा आला तरी आपल्या प्रेक्षकाला त्यातले काही कळणार नाही. मला दोन्ही पक्ष चुकल्यासारखे वाटतात. त्यातही दुसरा अधिक, कारण तो बेळगावात राहून असे म्हणतो.

फ्रँक हर्बर्ट यांची ही कादंबरी १९६५ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातले वाळवंट आणि वाळूखालून धावणारे अजस्र किडे पाहून वाटते की चित्रपट करणाऱ्याची खरी कसोटी तिथे असेल. पण किडे पैशाने उभे करता येतात. अवघड आहे ते माणसांच्या डोक्यातले. कादंबरीत मेजवानीचा एक प्रसंग आहे. पाण्याच्या एकेका थेंबाला मोल असलेल्या ग्रहावर नवा सत्ताधीश पाहुण्यांना जेवायला बोलावतो, पानावर बसलेला प्रत्येक जण बोलतो एक आणि मनात तोलतो दुसरेच, आणि लेखक एकाच पानावर या डोक्यातून त्या डोक्यात बिनदिक्कत शिरत राहतो. वाचकाला ही मुभा आवडते. कॅमेऱ्याला मात्र ती नाही, त्याच्या वाट्याला फक्त चेहरे येतात. शिवाय कादंबरीच्या शेवटी परिशिष्टे आणि शब्दसूचीही जोडलेली आहे, म्हणजे आपला वाचक मध्येच अडखळणार हे लेखकानेही गृहीत धरले होते.

दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी १९८४ च्या चित्रपटात ही सगळी अडचण १३७ मिनिटांत सोडवण्याचा प्रयत्न केला. पात्रांच्या मनातले विचार त्यांनी कुजबुजत्या आवाजात ऐकवले, सुरुवातीला एका राजकन्येकडून सारा इतिहास वदवून घेतला, आणि काही चित्रपटगृहांत तर प्रेक्षकांच्या हाती शब्दार्थांचा छापील कागद देण्यात आला. मला तो कागद म्हणजे पराभवाची कबुलीच वाटते, कारण प्रेक्षकाला परीक्षेला बसवून त्याच्याकडून आनंदाची अपेक्षा करता येत नाही. आताच्या चित्रपटाचे दिग्दर्शक डेनी व्हिलनव यांनी उलटी वाट धरली. त्यांनी कादंबरी दोन भागांत विभागली, २०२१ मध्ये १५५ आणि २०२४ मध्ये १६६ मिनिटे घेतली, मेजवानी सरळ गाळली आणि मनातले विचार चेहऱ्यांवर आणि शांततेवर सोपवले. पहिल्या भागात एका वृद्ध सल्लागाराला एका प्रवासाचा खर्च विचारला जातो, त्याची बुबुळे वर जाऊन डोळे क्षणभर पांढरे होतात आणि तो आकडा सांगतो. हा माणूस म्हणजे संगणकाच्या जागी घडवलेला मेंदू आहे, त्याच्या जातीला काय म्हणतात, ही प्रथा का पडली, यातले काहीही सांगितले जात नाही, आणि तरी ते कुणाला खटकत नाही.

मला ते खटकले नाही याचे श्रेय मी बेळगावातल्या माझ्या शहापूरला देतो. आमच्या गल्लीत घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कॅम्पातल्या मित्रांशी दख्खनी हिंदी असे चालत असे. लहानपणी पाहिलेल्या कन्नड चित्रपटांतली दहापैकी तीन-चार वाक्ये कळत, बाकीची आवाजावरून आणि नजरेवरून जुळवून घ्यायची, आणि रडायच्या जागी आम्ही अचूक रडत असू. पु. ल. देशपांडे यांनी ‘गणगोत’मध्ये बेळगावच्या रावसाहेबांचे जे कानडी वळणाचे मराठी लिहिले, त्याला त्यांनी शब्दार्थांची सूची जोडली नाही. लिंग आणि वचन यांची ती मनमुराद उलथापालथ पुण्याच्या वाचकालाही कळली, कारण ते शब्द ज्याच्या तोंडचे होते तो माणूस आधी कळला होता. अर्धवट कळणाऱ्या भाषेत पूर्ण आयुष्य काढणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या लोकांनी ‘प्रेक्षकाला कळणार नाही’ अशी धास्ती बाळगावी, हे मला विचित्र वाटते.

मॉन्ट्रियलला आल्यावर माझे एक जुने मत मात्र बदलले. कन्नड चित्रपटसृष्टीत डबिंगला अनेक दशके अघोषित बंदी होती आणि २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने तो विरोध स्पर्धेला बाधक ठरवला, तेव्हा मी मनाने बंदीच्या बाजूचा होतो. स्थानिक कलावंताची भाकरी आणि भाषा दोन्ही तिने राखल्या जातात, असे मला वाटे. इथल्या क्वेबेक प्रांताने १९७७ च्या कायद्याने फ्रेंचला दुकानाच्या पाटीपासून कारखान्यापर्यंत अग्रस्थान दिले, आणि त्याच प्रांतात इंग्रजी चित्रपटांचे फ्रेंच डबिंग हा स्थानिक नटांचा रीतसर व्यवसाय आहे. माझा फ्रेंचभाषक सहकारी ‘ड्यून’ आपल्या भाषेत पाहून येतो आणि त्यात त्याला काही गमावल्यासारखे वाटत नाही. बेळगावात आपण पाट्यांवरच्या मराठी-कन्नड अक्षरांसाठी भांडतो, आणि माझ्या मित्राला हा ग्रह भेटला तो हिंदीत! वाळवंटातल्या लोकांसाठी डेव्हिड पीटरसन यांनी रचलेली भाषा पडद्यावर येते, तेव्हा मात्र माझा सहकारी, मी आणि बेळगावातला मित्र, तिघेही तळाच्या ओळींवर सारखेच अवलंबून असतो.

न समजावणे वेगळे आणि टाळणे वेगळे. हर्बर्ट यांनी अरबीतून भरपूर शब्द घेतले आणि नायकाच्या नावाने पेटणाऱ्या युद्धाला ‘जिहाद’ म्हटले. चित्रपटात त्याच्या जागी ‘पवित्र युद्ध’ अशा अर्थाचे शब्द येतात. आजच्या काळात निर्मात्यांनी हे का केले असेल ते समजते, तरी हा तोटाच आहे, कारण कादंबरीतल्या शब्दाला इतिहासाचे जे वजन आहे ते या भाषांतरित शब्दांना नाही.

आता मित्राच्या तक्रारीकडे येतो. पुस्तकात मध्ये वर्षे जातात आणि म्हातारीसारखे बोलणारी चिमुरडी बॅरनला मारते. वाचताना अंगावर काटा येतो, पण १९८४ च्या चित्रपटात ती मुलगी प्रत्यक्ष दिसते तेव्हा मला हसू आवरले नव्हते. व्हिलनव यांनी तिला आईच्या पोटातच ठेवून तिथून बोलायला लावले आणि कथेतली वर्षे काही महिन्यांवर आणली. त्यामुळे नायक वाळवंटातल्या टोळीत मुरतो तो फार घाईने, हे मी मान्य करतो. उलट त्याची प्रेयसी चानी हिला त्यांनी संशयी केले, ती मूळ पुस्तकात तशी नाही, आणि इथे मला हा बदलच लेखकाशी अधिक प्रामाणिक वाटतो. तारणहार नायकांपासून सावध राहा, हे हर्बर्ट यांचे म्हणणे अनेक वाचकांच्या हातून निसटले, आणि १९६९ च्या पुढच्या कादंबरीत त्यांना तेच अधिक उघडपणे मांडावे लागले.

पैशाच्या सबबीबद्दल एवढेच सांगतो. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. त्यांच्या बऱ्याच कथांना किडे लागत नाहीत. प्रयोगशाळा, दिवाणखाना आणि वाद घालणारी माणसे पुरतात. तिथे अडचण जिभेची आहे. छापील पानावर ‘कृष्णविवर’ शोभून दिसते, पण उद्यमबागेतला, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतला, तरुण अभियंता तो शब्द उच्चारू लागला की प्रेक्षकाला शाळेचा तास आठवतो. मी असा चित्रपट केला तर त्या तरुणाला ‘ब्लॅक होल’ म्हणू देईन, त्याच्या निवृत्त मास्तरांना ‘कृष्णविवर’ म्हणू देईन, आणि दोन्ही शब्द एकच आहेत हे कुणाकडूनही सांगवणार नाही.

“आणि वडगावच्या विणकराला ते कळायचं कसं?” असे मित्राने विचारले. त्याला पहिला भाग आपल्या आईला घरी दाखवायचा होता, म्हणून कठीण शब्दांची एक पानभर यादी करून पाठव, असा त्याचा आग्रह होता. मी टाळाटाळ केली, आणि शेवटी यादीशिवायच दोघे बसले. वाळवंटातल्या टोळीचा प्रमुख दरबारात येतो आणि सत्ताधीशासमोर मेजावर थुंकतो, तो प्रसंग आला. भोवतालचे सैनिक चवताळून पुढे सरसावले, आणि पडद्यावरचा माणूस खुलासा करण्याआधीच, उन्हाळ्यात घागरी मोजून पाणी भरण्यात अर्धे आयुष्य गेलेली त्याची आई म्हणाली, “चिडतात कशाला? पाणी दिलं की त्यानं!”