क्यूआर कोडवर कागद चिकटवून कर टळत नाही

बेळगाव सीमाभागातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश पुन्हा पुन्हा येतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : यूपीआयने पैसे घेतले की जीएसटी बसतो; दोन हजारांवरच्या प्रत्येक व्यवहारावर 18 टक्के कापले जातात; कर्नाटकात भाजीवाल्या-दूधवाल्यांनाही लाखोंच्या नोटिसा निघत आहेत; तेव्हा दुकानातला क्यूआर कोड काढा, रोख घ्या, आणि अगदीच अडले तर चंदगडच्या नाहीतर गडहिंग्लजच्या पाहुण्यांचा कोड लावा, कारण महाराष्ट्रातल्या खात्याला इथला कर विभाग हात लावू शकत नाही. हे सगळे मराठी दुकानदारांना हुसकावण्यासाठी चालले आहे, अशी शेवटची ओळ आहे. संदेश पुढे पाठवणाऱ्यांना आपल्या माणसांचा कळवळा आहे याबद्दल मला शंका नाही. पण त्यातला सल्ला मानला तर नुकसान त्याच माणसांचे होणार आहे, म्हणून एकेका मुद्द्याचे उत्तर देतो.

संदेशाला मुळात एक खरा प्रसंग आहे. कर्नाटक राज्याच्या वाणिज्य कर विभागाने 2021-22 ते 2024-25 या वर्षांतली यूपीआय जमेची आकडेवारी मिळवली आणि ज्यांची जमा नोंदणीच्या मर्यादेपलीकडे दिसली पण जीएसटी नोंदणी नव्हती, अशा हजारो लहान दुकानदारांना जुलै 2025 मध्ये नोटिसा पाठवल्या. बेंगळुरूत दुकानादुकानांवर ‘यूपीआय नाही’ अशा पाट्या लागल्या आणि बंदची हाक दिली गेली. 23 जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांची बैठक घेतली. जे नोंदणी करतील त्यांच्याकडून मागची थकबाकी वसूल केली जाणार नाही आणि दूध, भाजी यांसारखा करमुक्त माल विकणाऱ्यांवरची कारवाई पुढे नेली जाणार नाही, असे त्यांनी सांगितले, आणि बंद मागे घेतला गेला. संदेशात नोटिसांचा भाग आहे, बैठकीचा नाही.

दोन हजारांवर 18 टक्के ही गोष्ट तर साफ खोटी आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 18 एप्रिल 2025 रोजी तसा अधिकृत खुलासा केला आहे. जीएसटी लागतो तो बँक दुकानदाराकडून जे शुल्क घेते त्या शुल्कावर, आणि बँक खात्यातून यूपीआयने दुकानदाराला होणाऱ्या देयकावर असे शुल्क जानेवारी 2020 पासून नाहीच. शुल्क शून्य, तर त्याच्यावरचा करही शून्य.

‘यूपीआयने घेतले की जीएसटी’ हा दावा मात्र थोडा समजून घ्यायला हवा, कारण भीतीचे मूळ त्यात आहे. कर विक्रीवर आहे. पैसे कोणत्या मार्गाने आले यावर नाही. फक्त मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत नोंदणी करावी लागत नाही. या मर्यादेत रोख, चेक, यूपीआय, उधारी सगळे मोजले जाते. म्हणजे ज्याची विक्री 50 लाखांची आहे त्याने सगळे रोखीने घेतले तरी तो नोंदणीला पात्र आहे, आणि ज्याची 25 लाखांची आहे त्याने सगळे यूपीआयने घेतले तरी त्याला माल विकण्यासाठी नोंदणीची गरज नाही. एक गोष्ट चहावाल्यांनी आणि खानावळवाल्यांनी नीट लक्षात ठेवावी. बनवून वाढलेले खाणे कायद्याने सेवेत धरले जाते, त्यामुळे त्यांची मर्यादा 20 लाखांची आहे. दिवसाला सरासरी 5,479 रुपये, म्हणजे दहा रुपयांच्या चहाचे साधारण 548 कप. बेळगावच्या खडेबाजारातल्या चालत्या गाड्याला हा आकडा फार दूरचा नाही.

वडगावातल्या एका किराणा दुकानदाराने हाच संदेश वाचून क्यूआर कोडच्या पाटीवर वहीचा कागद चिकटवला होता, त्यावर पेनाने ‘फक्त रोख’ लिहिलेले. मी त्यांना काका म्हणतो. पासबुकाची झेरॉक्स आणि त्यांची लाल बांधणीची वही घेऊन आम्ही दुपारी दुकानाच्या ओट्यावर बसलो. वर्षाची यूपीआय जमा 43 लाख 20 हजार होती आणि तो आकडा बघूनच ते हबकले होते. पण त्यात भिशीचे 4 लाख होते, घराच्या स्लॅबसाठी मेहुण्यांकडून उसने घेतलेले 5 लाख होते, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा महिन्याला 15 हजार पाठवतो त्याचे 1 लाख 80 हजार होते. यातले काहीच विक्री नव्हे. उरले 32 लाख 40 हजार. त्यात वहीतली रोख विक्री सुमारे 5 लाख मिळवली तर एकूण 37 लाख 40 हजार. म्हणजे मर्यादेच्या आतच. नोटीस आली तर हाच हिशेब कागदांसह उत्तरात द्यायचा असतो. नोटीस ही खुलाशाची मागणी असते. तिचे उत्तर न देणे हीच खरी चूक.

भाजीवाले आणि दूधवाले यांच्याबद्दल संदेश अर्धेच सांगतो. जो केवळ करमुक्त माल विकतो, सुटे दूध, ताजी भाजी, फळे, त्याला विक्री कितीही असली तरी नोंदणी लागत नाही. पण दुधाबरोबर कुंदा आणि पेढे विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा काही माल करपात्र झाला, आणि मग मर्यादा मोजताना दुधाची विक्रीही एकूण उलाढालीत धरली जाते. पुष्कळ लहान डेअऱ्या नेमक्या इथे फसतात. मर्यादा ओलांडणार असे दिसले की वेळेवर नोंदणी करून कंपोझिशन योजना, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीची विक्रीवर ठरावीक टक्के कर भरण्याची सोपी योजना, घ्यावी. तिच्यात दीड कोटींपर्यंतच्या व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर 1 टक्का आणि खानावळीला 5 टक्के भरावे लागतात. 41 लाखांची करपात्र विक्री असेल तर वर्षाला 41 हजार. ही योजना मागच्या तारखेपासून घेता येत नाही, म्हणून जुन्या वर्षांचा कर पूर्ण दराने मोजला जातो आणि नोटिसांतले आकडे इतके मोठे दिसतात.

रोखीचा सल्ला दोन्हीकडून बुडवणारा आहे. तुमची खरेदी ठोक व्यापाऱ्याच्या बिलांत दिसतेच, आणि बचत खात्यात वर्षभरात 10 लाखांहून जास्त रोख भरली तर बँक ते आयकर विभागाला कळवते. शिवाय आयकराच्या अंदाजित उत्पन्न योजनेत रोख विक्रीवर 8 टक्के नफा धरला जातो, डिजिटल विक्रीवर 6 टक्के. रोखीकडे वळणारा आपलेच उत्पन्न कागदोपत्री फुगवतो. गणपत गल्लीत पाटी मांडून बसणाऱ्या मावशींचे नुकसान आणखी वेगळे. पदपथ विक्रेत्यांना कर्ज देणाऱ्या पीएम स्वनिधी योजनेत आता पहिले कर्ज 15 हजारांचे, ते फेडले की 25 हजारांचे, मग 50 हजारांचे मिळते, आणि डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅक मिळतो. कोड काढला तर हा कॅशबॅक गेला, आणि बँकेला दाखवायला धंद्याची नोंदही राहिली नाही. मग पुन्हा खासगी सावकाराचे व्याज.

पाहुण्यांच्या कोडचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. जीएसटी आणि आयकर दोन्ही पॅनवर चालतात, आणि पॅनला राज्याची सीमा नाही. तुमची विक्री चंदगडच्या भाच्याच्या खात्यात गेली तर ती त्याची जमा दिसेल, खुलासा त्याला द्यावा लागेल, आणि तो खरा खुलासा देईल तेव्हा तुमचेच नाव सांगेल. पैशावरून पाहुण्यांत वितुष्ट येते ते निराळेच.

सीमेचा एक प्रश्न मात्र खरा आहे आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला तर उलाढाल कितीही लहान असो, हस्तकलेसारखे थोडे अपवाद सोडले तर नोंदणी सक्तीची आहे, तिथे 40 लाखांची सूट लागू नाही. कंपोझिशनमधल्या व्यापाऱ्याला तर परराज्यात माल विकताच येत नाही; कोल्हापूरहून आणता येतो, कोल्हापूरला पाठवता येत नाही. वडगाव-शहापूरचा पॉवरलूमवाला साड्या इचलकरंजीच्या व्यापाऱ्याला पाठवतो, निपाणीचा दुकानदार कागलच्या गिऱ्हाइकाला घरपोच माल देतो, तेव्हा ही अट त्यांना लागू होते. बेळगावहून थोड्याच अंतरावर राज्य बदलते, त्यामुळे धारवाडच्या दुकानदाराला जो प्रश्न क्वचित पडतो तो आपल्याला रोजचा आहे. दुकानात येऊन माल उचलून नेणाऱ्या साध्या गिऱ्हाइकाची काळजी नको. बिलावर त्याचा पत्ता नसेल तर विक्री दुकानाच्या जागीच झाली असे कायदा मानतो. सीमाभागातल्या लहान व्यापाऱ्याला या सक्तीतून काही मर्यादेपर्यंत सूट मिळावी, अशी मागणी आपल्या व्यापारी संघटनांनी जीएसटीचे नियम ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेपर्यंत न्यायला हवी.

उरला मराठी दुकानदारांना लक्ष्य केल्याचा आरोप. या नोटिसांचा गाजावाजा झाला तो बेंगळुरूत, आणि त्या मिळालेल्यांत कन्नड दुकानदार मोठ्या संख्येने होते. निकष उलाढालीचा होता. पण भाषेचे आपले गाऱ्हाणे खरे आहे आणि ते योग्य जागी मांडले पाहिजे. जिथे एखाद्या भाषिक अल्पसंख्याक गटाचे प्रमाण 15 टक्क्यांपेक्षा कमी नाही, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षण योजनेत मान्य झालेले आहे. नोंदणीची मर्यादा, करमुक्त मालाची यादी, नोटिशीला उत्तर कसे द्यायचे, एवढे तरी दोन पानांचे मराठी माहितीपत्रक बेळगाव, खानापूर आणि निपाणीत मिळावे, यासाठी प्रत्येक बाजारपेठेतून सह्यांचे निवेदन वाणिज्य कर विभागाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे.